वंशसंहार ठरवून होतो, आणि तो न थांबवणंही ठरवूनच होतं

प्रश्न असा आलाय की वंशसंहार नेमका कशामुळे होतो, दोन समाजांमधलं शेकडो वर्षांचं वैर एक दिवस उफाळून येतं म्हणून होतो का, आणि सगळं डोळ्यांसमोर दिसत असताना बाकीचं जग हाताची घडी घालून बघत का बसतं. मी बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणजे पळून आलेल्या लोकांचे जबाब नोंदवून घेणं, कुठे काय शिजतंय याचे पूर्वसूचना अहवाल लिहिणं आणि ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचवणं. त्यातून माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकते. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मारणारे लोक सुरुवात करायच्या आधी आणि सुरुवात केल्यावरही सतत बाहेर बघत असतात की कोणी अडवतंय का. कोणी अडवत नाही असं दिसलं की पुढची पायरी चढतात. त्यामुळे जगाने काही न करणं हे वंशसंहाराच्या कारणांमध्येच मोजायला पाहिजे, नंतर घडलेली दुर्दैवी गोष्ट म्हणून नाही.

आधी ते जुन्या वैराचं बघू. हे उत्तर सगळ्यात जास्त कोणाच्या सोयीचं असतं, तर ज्यांना काही करायचं नसतं त्यांच्या. वैर इतकं जुनं आहे म्हटल्यावर बाहेरचा माणूस काय करणार, त्यांचं त्यांना बघू दे, असं म्हणता येतं. बोस्निया पेटलेलं असताना युरोप-अमेरिकेतले मोठमोठे नेते हेच बोलत होते. १९९४ मध्ये रवांडात हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सींची कत्तल केली, पण हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा, एकाच टेकडीवर शेजारी राहतात, एकाच चर्चमध्ये जातात, आपसात लग्नं होत होती. कोण कुठल्या गटाचा हे कागदावर पक्कं केलं ते बेल्जियमच्या वसाहती सरकारने, १९३० च्या दशकात ओळखपत्रावर तसा शिक्का मारून, आणि साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर हेच ओळखपत्र बघून माणूस मारायचा की सोडायचा ते ठरत होतं. तणाव नव्हता असं मी म्हणत नाही, १९५९ पासून तुत्सींवर हल्ले झाले होते, लाखभराहून जास्त लोक शेजारच्या देशांत पळाले होते. पण तणाव असणं आणि शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली जाणं यात जे अंतर आहे ते वैराने आपोआप पार होत नाही, ते कोणीतरी पार करून घेतं, याद्या करून, शस्त्रं वाटून, हुकूम सोडून.

याच्यासाठी मी नेहमी बुटारे प्रांताचं उदाहरण देते. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमानाचं विमान किगालीजवळ पाडलं गेलं, त्याच रात्री राजधानीत कत्तल सुरू झाली आणि काही दिवसांत देशभर पसरत गेली. बुटारेच्या बहुतेक भागात मात्र जवळजवळ दोन आठवडे तशी कत्तल झाली नाही. तिथला प्रांतप्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना, देशातला एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख, त्याने हाताखालच्या अधिकाऱ्यांना धरून ठेवलं, बैठका घेतल्या, दंगा करणाऱ्यांना आवरलं. आजूबाजूच्या प्रांतांतून तुत्सी जीव वाचवायला बुटारेकडे धावत होते. माणसं तीच, रेडिओ तोच, तथाकथित वैरही तेच, फरक फक्त वर बसलेल्या माणसाचा होता. मग हंगामी सरकारने त्याला पदावरून काढलं. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो, जो स्वतः बुटारेचाच, तिथे आला आणि त्याने भाषण केलं की ज्यांना काम करायचं नाही त्यांनी बाजूला व्हावं. काम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. राजधानीतून सैनिक आणले गेले आणि एक-दोन दिवसांत बुटारे देशातल्या सगळ्यात भयंकर प्रांतांपैकी एक झाला. पदावरून काढलेल्या प्रांतप्रमुखालाही नंतर मारलं. ही १९ एप्रिलची तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग खरी कारणं काय. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी असतो तो सत्ता हातातून निसटत असलेला एक छोटा गट. रवांडात ऑक्टोबर १९९० पासून आरपीएफ या मुख्यतः तुत्सी निर्वासितांच्या बंडखोर संघटनेशी युद्ध चालू होतं, कॉफीचे भाव त्याआधीच कोसळले होते, ऑगस्ट १९९३ मध्ये अरुशाला सत्तावाटपाचा करार झाला आणि राष्ट्राध्यक्षांच्या भोवतीच्या कट्टर मंडळींना दिसलं की आता आपलं राज्य संपलं. अशा वेळी देशाचा खरा मालक एकच समाज आहे आणि दुसरा समाज म्हणजे आतला शत्रू, ही मांडणी कामाला येते. दुसरी गोष्ट म्हणजे युद्ध. १९१५ ला अर्मेनियन लोकांचा संहार झाला तेव्हा ऑटोमन तुर्कस्तान पहिल्या महायुद्धात होता, नाझींनी ज्यूंना गावोगाव गोळ्या घालायला सुरुवात केली ती १९४१ मध्ये सोव्हिएत युनियनवर हल्ला केल्यावर. युद्ध चालू असलं की बातमी दाबता येते, शस्त्र घेतलेली तरुण पोरं हाताशी असतात, आणि बायका-पोरांना मारणंसुद्धा स्वसंरक्षण म्हणून खपवता येतं.

द्वेषापेक्षा भीती जास्त चालते, हे मला फार उशिरा नीट समजलं असं नाही, कारण जबाबांमध्ये ते पहिल्यापासून दिसत होतं, पण बाहेरच्या लोकांना पटवून द्यायला अजूनही त्रास होतो. आपण जे करणार आहोत त्याचा आरोप आधी समोरच्यावर करायचा, ते तुम्हाला मारणार आहेत, त्यांनी खड्डे खणून ठेवलेत, त्यांनी याद्या केल्यात. रवांडातलं आरटीएलएम रेडिओ स्टेशन १९९३ च्या जुलैपासून गाणी, गप्पा, विनोद यांच्या मध्येमध्ये हेच पेरत होतं, आणि तुत्सींना झुरळं म्हणत होतं. शिक्षा भोगत असलेल्या कैद्यांच्या मुलाखतींवर संशोधकांनी बरंच काम केलंय, त्यात बहुतेक जण साधे शेतकरी, बायका-मुलं असलेले पुरुष निघाले, आणि त्यांनी सांगितलेली कारणं बघितली तर बंडखोरांची भीती, गावातल्या पुढाऱ्याचा दबाव आणि बाकीचे गेले म्हणून मीही गेलो हीच वारंवार येतात. जुना द्वेष फार कमी जणांनी सांगितला.

साधी माणसं कशी तयार होतात याचं एक जुनं उदाहरण आहे, पोलंडमधलं युझेफुफ गाव, १३ जुलै १९४२. जर्मन राखीव पोलिसांची बटालियन १०१, त्यातले बरेचसे हॅम्बुर्गचे मध्यमवयीन कामगार-कारकून. त्यांचा मेजर ट्राप याने पहाटे सगळ्यांना उभं केलं, गावातल्या ज्यूंना मारायचा हुकूम आलाय हे सांगताना तो स्वतः रडवेला झाला होता, आणि त्याने सांगितलं की वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला हे जमणार नाही त्याने पुढे यावं, त्याला वेगळं काम देऊ. जवळपास ५०० जणांपैकी पहिल्यांदा डझनभर पुढे आले. नंतर काही जण मध्येच गळाले, पण बहुसंख्यांनी त्या दिवशी सुमारे १,५०० माणसं गोळ्या घालून मारली. नकार देणाऱ्यांना काही शिक्षा झाली नाही. मी हे नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम वाचायला लावते, कारण लोकांना वाटतं की असल्या कामाला राक्षस लागतात.

आणि लूट. याबद्दल फार कमी बोललं जातं. जबाब घेताना मी एक प्रश्न नेहमी विचारते की तुमच्या घरात आता कोण राहतं, आणि बऱ्याच वेळा समोरच्याला नाव माहीत असतं, कोणाच्या गोठ्यात आपली गाय आहे, कोणी छपराचे पत्रे काढून नेले, सगळं सांगतात. रवांडासारख्या जमिनीची टंचाई असलेल्या देशात शेजाऱ्याचं शेत मिळणं म्हणजे फार मोठी गोष्ट, नाझी जर्मनीत ज्यूंची दुकानं, घरं, धंदे असेच वाटले गेले. ज्याच्या पदरात काही पडलंय तो नंतर कधीही खरं बोलत नाही, म्हणून नकार इतका टिकतो.

अहवाल लिहिताना मी प्रत्यक्ष हिंसेच्या आधीच्या गोष्टी शोधते. नागरिकत्व काढून घेतलं का. म्यानमारने १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांना बेदखल केलं, २५ ऑगस्ट २०१७ नंतर ७ लाखांवर लोक बांगलादेशात पळाले, मधली पस्तीस वर्षं त्यांचं लग्न, प्रवास, शाळा सगळ्यावर परवानगीचं बंधन येत गेलं. सैन्य-पोलिसांतून एखाद्या समाजाला बाजूला केलंय का. १९१५ च्या सुरुवातीला ऑटोमन सैन्यातल्या अर्मेनियन सैनिकांची शस्त्रं काढून त्यांना मजुरांच्या तुकड्यांत टाकलं होतं, २४ एप्रिलला इस्तंबूलमधले अर्मेनियन पुढारी, लेखक उचलले, आणि मग गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली. क्रिकोर झोहराब हा अर्मेनियन वकील संसदेचा सदस्य होता, गृहमंत्री तलातच्या चांगल्या ओळखीतला होता. त्यालाही काही आठवड्यांनी धरून नेलं आणि वाटेत मारलं. ओळखीपाळखीने वाचू असं वाटणारे लोक मला आजही भेटतात.

आता जगाकडे येऊ. पहिली गोष्ट, माहीत नव्हतं हे खरं नसतं. रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख कॅनडाचा जनरल रोमेओ दालेर, त्याने ११ जानेवारी १९९४ ला, म्हणजे कत्तल सुरू व्हायच्या जवळजवळ तीन महिने आधी, न्यूयॉर्कला फॅक्स पाठवला. इंटरहाम्वे या सशस्त्र टोळ्यांना ट्रेनिंग देणाऱ्या एका माणसाने त्याला सांगितलं होतं की किगालीतल्या सगळ्या तुत्सींची नोंद करायचा हुकूम आलाय, त्याला वाटत होतं ते संपवण्यासाठीच, आणि त्याची माणसं २० मिनिटांत १,००० तुत्सी मारू शकतात. शस्त्रं कुठे लपवलीत तेही तो दाखवायला तयार होता. दालेरने कळवलं की ३६ तासांत छापा घालतो. न्यूयॉर्कहून उत्तर आलं, छापा घालू नका, ते तुमच्या अधिकारात बसत नाही, राष्ट्राध्यक्षांना आणि अमेरिका, फ्रान्स, बेल्जियमच्या राजदूतांना कळवा.

त्या फॅक्समध्ये अजून एक गोष्ट होती, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची. शांतिसेनेतल्या बेल्जियमच्या काही सैनिकांना मारायचं, म्हणजे बेल्जियम घाबरून सगळं सैन्य परत नेईल, असा बेत असल्याचं त्या माणसाने सांगितलं होतं. हा हिशोब हवेतून आलेला नव्हता. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूत १८ अमेरिकन सैनिक मारले गेले आणि अमेरिकेने सोमालियातून निघायचं ठरवलं, ते या लोकांनी बघितलेलं होतं. ७ एप्रिलला पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांच्या संरक्षणाला असलेले १० बेल्जियन सैनिक पकडून मारले, पंतप्रधानांनाही मारलं, आणि बेल्जियम खरंच निघालं. ११ एप्रिलला किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे २,००० लोक बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर आश्रयाला थांबले होते, गेटबाहेर टोळ्या उभ्या होत्या, सैनिकांना परत बोलावणं आलं, ते गाड्यांत बसून निघाले, लोक गाड्यांपुढे आडवे पडले तरी निघाले, आणि आश्रयाला थांबलेल्यांपैकी बहुतेक सगळे त्याच दिवशी मारले गेले.

त्याच आठवड्यात फ्रान्स, बेल्जियम, इटलीचे सैनिक विमानाने उतरले होते, म्हणजे पाठवायला सैन्य नव्हतं हेही खरं नाही, पण त्यांना काम दिलं होतं ते आपापल्या देशांचे नागरिक बाहेर काढायचं, ते केलं आणि गेले. १९ एप्रिलला बुटारेत ते भाषण झालं आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव ९१२ एकमताने मंजूर करून अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता, म्हणजे मारणाऱ्या सरकारचा माणूस त्याच टेबलावर बसून ऐकत होता आणि मतही देत होता. बाहेरून कोणी येणार नाही हे किगालीत बसलेल्यांना कळायला यापेक्षा अजून काय लागतं. दालेरने काही जास्त माणसं हट्टाने ठेवून घेतली, घानाचे सैनिक थांबले, आणि जिथे ते उभे होते त्या स्टेडियममध्ये, हॉस्पिटलमध्ये हजारो लोक वाचले. सेनेगलचा कॅप्टन एम्बाय दियान्य शस्त्राशिवायचा निरीक्षक होता, नाक्यांवर बोलून, हसून, सिगारेटी वाटून त्याने गाडीतून थोडी थोडी करत शेकडो माणसं बाहेर काढली, ३१ मे ला तोफगोळ्याच्या स्फोटात तो गेला. मूठभर लोकांना हे जमत होतं, म्हणून काहीच करता येण्यासारखं नव्हतं हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

वॉशिंग्टनमध्ये विमानातून आरटीएलएम रेडिओ जाम करायचा विषय निघाला होता, तर संरक्षण खात्याने लिहून दिलं की तासाला सुमारे ८,५०० डॉलर खर्च येईल, परिणाम होईलच असं नाही आणि कायद्याच्या अडचणी आहेत. जूनमध्ये परराष्ट्र खात्याची प्रवक्ती पत्रकारांना सांगत होती की वंशसंहाराची कृत्यं झाली आहेत, पण वंशसंहार म्हणायला तयार नव्हती, कारण म्हटलं तर वंशसंहार रोखण्याच्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार काहीतरी करावं लागेल अशी धास्ती होती. दहा वर्षांनी सुदानमधल्या दारफूरच्या वेळी ती धास्तीही गेली, ९ सप्टेंबर २००४ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सिनेटच्या समितीसमोर वंशसंहार म्हटलं आणि त्याच भाषणात सांगितलं की यामुळे आम्ही वेगळं काही करायला बांधील नाही.

हे सगळं कोण करतं, तर वाईट माणसं करतात असं म्हणून सुटत नाही. फॅक्स वाचणारा अधिकारी विचार करतो की अजून एक सोमालिया झाला तर संयुक्त राष्ट्रांचं शांतिसेनेचं काम कायमचं संपेल, राजदूत विचार करतो की राजधानीतून सूचना नाहीत, मंत्री विचार करतो की आपले सैनिक मेले तर मी संपलो आणि परदेशातले लाखभर लोक मेले तर मला कोणी विचारणार नाही. प्रत्येक टेबलावर छोटासाच नकार असतो, आणि कुठल्याच टेबलावर जबाब द्यावा लागत नाही. त्यात सवयीची भाषा असते, दोन्ही बाजूंनी संयम पाळावा, युद्धबंदी करावी. एप्रिल १९९४ मध्ये सुरक्षा परिषदेतली बहुतेक चर्चा सरकार आणि बंडखोरांच्या युद्धबंदीवर चालली होती, आणि मरत होते ते लोक युद्धातली कुठलीच बाजू नव्हते, ते घरात आणि चर्चमध्ये होते.

मारणारा जेव्हा मोठ्या देशाचा मित्र असतो तेव्हा तर गोष्ट आणखी सरळ आहे. २५ मार्च १९७१ ला पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात ऑपरेशन सर्चलाइट, म्हणजे बंगालींवरची लष्करी कारवाई, सुरू केलं. ढाक्यातला अमेरिकेचा कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिलला वॉशिंग्टनला निषेधाची तार पाठवली की आपलं सरकार नैतिकदृष्ट्या दिवाळखोर वागतंय. ब्लडला परत बोलावून घेतलं. कारण राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्याचा सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानच्या मार्फत चीनशी संधान बांधायचं होतं, जुलैमध्ये किसिंजर तिथूनच गुपचूप बीजिंगला गेला. जवळजवळ १ कोटी निर्वासित भारतात आले, डिसेंबरमध्ये युद्ध झालं, आणि ते चालू असताना ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्य मागे घ्या असा ठराव केला. मार्च ते नोव्हेंबर इतके देश एकत्र आले नव्हते. भारताचा स्वतःचा स्वार्थ होता, नक्कीच होता, व्हिएतनामने डिसेंबर १९७८ मध्ये कंबोडियात घुसून तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट ख्मेर रूजला हाकललं तेव्हा त्यांचाही होता, पण त्यामुळे कत्तल थांबली. कंबोडियात त्याआधीच्या पावणेचार वर्षांत १७ लाखांच्या आसपास लोक मेले होते, आणि तरीही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पुढे कित्येक वर्षं ख्मेर रूजच्याच बाजूकडे राहिली.

आजही तेच आहे. सीरियाच्या बाबतीत रशियाने व्हेटोवर व्हेटो टाकले. गाझाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेच्या अर्जावर इस्रायलला वंशसंहाराची कृत्यं टाळण्याचे अंतरिम आदेश दिले, अंतिम निकाल यायचाय, पण युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने एकामागून एक अडवले. कोण कोणाचा मित्र आहे हे बघून ज्याची जीभ बदलते त्याच्या निषेधाला मारणारे किंमत देत नाहीत, आणि तेवढं त्यांना नीट कळतं.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये शब्द दिला होता आणि मागे काही उभं नव्हतं, हा सगळ्यात घातक प्रकार. एप्रिल १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने त्या गावाला सुरक्षित क्षेत्र जाहीर केलं, नंतर अशी सहा क्षेत्रं झाली, लष्करी अंदाज होता ३४,००० सैनिक लागतील, मंजूर केले ७,६००. लोकांना मात्र सांगितलं इथे या, इथे सुरक्षित आहात. मे १९९५ मध्ये नाटोने थोडे हवाई हल्ले केल्यावर बोस्नियन सर्बांनी जवळजवळ ४०० शांतिसैनिक ओलीस धरले आणि हल्ले थांबले. त्यांचा सेनापती म्लादिच याने तिथे उत्तर वाचलं. ११ जुलैला तो गावात घुसला, डच सैनिकांना हवाई मदत आली ती उशिरा आणि नावापुरती, आणि पुढच्या काही दिवसांत ८,००० वर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. मग ३० ऑगस्टपासून नाटोने खरोखर बॉम्बहल्ले केले आणि नोव्हेंबरमध्ये डेटनला करार झाला. जमिनीवरच्या फौजांनी सर्बांना मागे रेटलं होतं हेही त्याचं कारण आहे, पण चार महिन्यांत जे जमलं ते तीन वर्षं अशक्य म्हणून सांगितलं जात होतं.

कायद्याबद्दल लोक विचारतात की करार आहे तर उपयोग का होत नाही. ९ डिसेंबर १९४८ च्या करारात वंशसंहार रोखायची जबाबदारी पहिल्याच कलमात आहे, पण रोखणार कोण, कसं, कोणाच्या हुकमाने, हे स्पष्ट नाही. राजकीय गट तर व्याख्येतूनच वगळले, म्हणून कंबोडियातल्या बहुतेक मृत्यूंवर कायदेशीर वाद राहिला. तरी २६ फेब्रुवारी २००७ चा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल मला फार मोलाचा वाटतो. सर्बियाने स्रेब्रेनित्साचा वंशसंहार स्वतः केला हे न्यायालयाने मान्य केलं नाही, पण रोखण्याची जबाबदारी सर्बियाने पाळली नाही असं सांगितलं, आणि ही जबाबदारी गंभीर धोका आहे हे कळल्या क्षणी सुरू होते, ज्याचा मारणाऱ्यांवर जितका प्रभाव तितकी त्याची जबाबदारी जास्त. म्हणजे आधी वंशसंहार सिद्ध होऊ दे मग बघू, हे कायद्यातही बसत नाही. २००५ मध्ये सगळ्या देशांनी संरक्षणाची जबाबदारी हे तत्त्वही मान्य केलं, म्हणजे सरकार स्वतःच्या लोकांना वाचवत नसेल तर जगाने वाचवायचं. २०११ मध्ये लिबियात ते वापरलं आणि बेनगाझी शहर वाचवायला दिलेल्या परवानगीवर तिथला हुकूमशहा गद्दाफीला घालवेपर्यंत युद्ध नेलं, तेव्हापासून रशिया-चीनला नकाराचं आयतं कारण मिळालं. त्याची किंमत सीरियातल्या लोकांनी मोजली असं मला वाटतं.

सैन्य पाठवणं हाच एक मार्ग आहे असं समजू नका, सैन्याची चर्चा सुरू होते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. १९९३ पासून मॅसेडोनियाच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रांनी हजारभर सैनिक आधीच नेऊन ठेवले, युगोस्लाव्हिया जळत असताना तिथे युद्ध झालं नाही. १९९९ च्या सुरुवातीला ते मिशन चीनच्या व्हेटोने बंद पडलं, कारण मॅसेडोनियाने तैवानशी संबंध जोडले होते. त्याच वर्षी इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरमध्ये स्वातंत्र्यावरच्या सार्वमतानंतर टोळ्या गावं जाळत सुटल्या तेव्हा इंडोनेशियाला आर्थिक संकटात जे कर्ज मिळत होतं त्याचाच पेच टाकला, राष्ट्राध्यक्ष हबिबींनी परदेशी फौजेला मान्यता दिली आणि २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली सैन्य उतरलं, मतदानाला तीन आठवडेच झाले होते. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर हजारावर लोक मेले, तर संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान नैरोबीला जाऊन बसले आणि फेब्रुवारी २००८ अखेर समझोता होईपर्यंत हलले नाहीत, आणि हिंसा करणाऱ्या पुढाऱ्यांना व्हिसा मिळणार नाही हे मोठ्या देशांनी स्पष्ट सांगितलं. हे तेच अन्नान, जे १९९४ ला न्यूयॉर्कमध्ये शांतिसेना विभागाचे प्रमुख होते.

आत्ता सुदानकडे बघा. २०२३ मध्ये दारफूरमधल्या एल जेनिना शहरात आरएसएफ या निमलष्करी दलाने आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांनी मसालित जमातीच्या लोकांना शोधून शोधून मारलं, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्याला वंशसंहार म्हटलं. दारफूरमधल्याच एल फाशेर शहराला मे २०२४ पासून वेढा होता, जून २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेने वेढा उठवा असा ठराव केला, पुढे काही नाही. उपग्रहाच्या फोटोंत शहराभोवती मातीचा बांध उभा राहताना आठवड्याला आठवडा दिसत होता, म्हणजे लोकांना आत कोंडायची तयारी उघड चालू होती. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं आणि कत्तल झाली. आरएसएफला शस्त्रं संयुक्त अरब अमिरातीतून येतात हे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी विश्वासार्ह मानलेत, अमिराती ते नाकारतात. मला जेव्हा कोणी विचारतं की अशा वेळी आपल्या सरकारकडे काय मागायचं, तेव्हा मी निषेधाचं पत्रक मागायला सांगत नाही. मारणाऱ्यांची विमानं कुठे उतरतात, त्यांचं सोनं कोण विकत घेतं, पैसा कुठल्या बँकेत जातो, त्यांना शस्त्रं देणाऱ्या देशाला आपण काय विकतो, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, कारण एल फाशेरनंतर दारफूरमध्ये आणि शेजारच्या कोर्दोफानमध्ये पुढचं गाव घ्यायचं की नाही हे ठरवणारी माणसं याच गोष्टींवर नजर ठेवून आहेत.